शिकागोत जुना बंगलो घेताना आणि त्याची लाकडी जमीन घासताना

आईला फोनवर म्हटलं, "आम्ही बंगलो घेतला." पलीकडे जरा वेळ शांतता. मग, "अगं, पण एवढे पैसे आणलेत कुठून?" तिच्या डोळ्यांपुढे फाटक, माळी आणि झोपाळा. शिकागोत बंगलो म्हणजे साधारण १९१० ते १९४० या काळात मध्यमवर्गासाठी बांधलेलं दीड मजली विटांचं घर. खाली बेसमेंट, पुढे मोठ्या खिडक्यांची बैठकीची खोली, वर उतरत्या छपराखाली माळा. शहराच्या कडेकडेने अशी ऐंशी हजारांच्या आसपास घरं आहेत. आमचं १९२६ चं, वायव्येकडच्या पोर्टेज पार्कमध्ये.

आपली बहुतेक मंडळी नेपरव्हिल-शॉमबर्ग या उपनगरांकडची नवी घरं बघतात. जुन्याच्या वाटेला जाणारा कोणी भेटला की दोनच गोष्टी विचारतो: घर घेताना कुठे फसलात, आणि ही जमीन अशी कशी केलीत? आमच्या अनुभवात हे दोन प्रश्न वेगळे नाहीतच. जमिनीचा विचार घर बघायला जाता त्या दिवसापासून करावा लागतो.

आमचं चुकलं ते आधीच सांगून टाकते. निजायच्या दोन खोल्यांची जमीन आम्ही रिकाम्या घरात घासली (म्हणजे मशीनला सँडपेपर लावून जुनं पॉलिश खरवडून काढलं) आणि बैठकीची खोली "राहायला गेल्यावर बघू" म्हणून मागे ठेवली. चार महिन्यांनी ती करायला घेतली तेव्हा सोफा स्वयंपाकघरात, टीव्ही बाथरूमच्या दाराशी, आणि दारांना प्लास्टिक लावूनही गोड्या मसाल्याच्या डब्यावर ओकच्या लाकडाचा पिवळा भुसा. म्हणून किल्ल्या हातात पडल्यापासून सामान येईपर्यंत मध्ये किमान दोन आठवडे ठेवा. भाड्याच्या घराचा एक महिना जास्तीचा गेला तरी चालेल.

१. पैसे आणि कागद

घर बघायला लागण्याआधी बँकेकडून कर्जाची पूर्वमंजुरी घ्या. त्यासाठी लागतात:

- दोन वर्षांचे डब्ल्यू-२ (कंपनी देते तो वर्षाच्या पगाराचा फॉर्म) आणि करविवरणपत्रं
- गेल्या महिन्याभरातल्या पगाराच्या स्लिपा
- दोन महिन्यांची बँक स्टेटमेंटं, सगळी पानं (कोरं पानसुद्धा मागतात)
- पासपोर्ट, आणि व्हिसावर असाल तर आय-७९७ (मंजुरीचा कागद)
- घरच्यांनी पैसे दिले असतील तर ते परत करायचे नाहीत असं लिहिलेलं भेटपत्र

एच-१बीवाल्यांनी लक्षात ठेवायचं: २५ मे २०२५ पासून एफएचएचं (सरकारी विम्याचं) कर्ज कायम रहिवासी नसलेल्यांना मिळत नाही. जुन्या घरासाठी हे महत्त्वाचं, कारण दुरुस्तीचा खर्च कर्जातच धरणारी २०३के ही योजना एफएचएचीच आहे. साधं, म्हणजे कन्व्हेन्शनल कर्ज व्हिसावरही मिळतं. दुरुस्तीसाठी त्यात फॅनी मे या बँकांकडून घरकर्जं विकत घेणाऱ्या संस्थेची होमस्टाइल योजना आहे, तिच्याबद्दल बँकेला विचारा. नुसती जमीन घासण्यासाठी मात्र या भानगडीत पडू नका, तेवढे पैसे बाजूला ठेवा.

भारतातून आई-वडील पैसे पाठवणार असतील तर माणशी, आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. वर्षभरात परदेशातून आलेल्या भेटी एक लाख डॉलरच्या वर गेल्या तर इकडे फॉर्म ३५२० भरावा लागतो. कर लागत नाही, पण फॉर्म विसरलात तर दंड भलता बसतो. पैसे दोन-तीन महिने आधी खात्यात येऊन पडू द्या, म्हणजे बँकेचे प्रश्न कमी होतात.

२. एजंट आणि वकील

ऑगस्ट २०२४ पासून एजंटबरोबर घर बघायला जाण्याआधीच लेखी करार करावा लागतो. त्यात त्याचं कमिशन किती आणि ते कोण देणार हे वाचून मगच सही करा. एजंट असा हवा ज्याने जुनी विटांची घरं विकली आहेत. आमच्या पहिल्या एजंटला बेसमेंटमध्ये उतरायचाच कंटाळा होता. दोन आठवड्यांत बदलला.

इलिनॉयमध्ये वकील घ्यायची पद्धत आहे आणि ती चांगली आहे. करारावर सह्या झाल्या की साधारण पाच कामकाजाचे दिवस वकिलाला करार तपासायला आणि तुम्हाला घराची तपासणी करून घ्यायला मिळतात. घासाघीस होते ती याच पाच दिवसांत, त्यामुळे वकील आणि इन्स्पेक्टर दोघंही ऑफर देण्याआधी ठरलेले हवेत.

३. घर बघताना आधी खाली बघा

लोक छत बघतात, किचनचा ओटा बघतात. तुम्ही जमीन बघा.

विकाऊ घरात तीनपैकी एक असतं: उघडी लाकडी जमीन, कार्पेट, किंवा लाकडावर चिकटवलेल्या टाइल्स. कार्पेट असेल तर एजंटकरवी परवानगी घेऊन कपड्यांच्या कपाटात, अगदी मागच्या कोपऱ्यात, ते चिमटीत धरून वर उचला. आमच्या घरात खालचा फोम पार कुजून नारिंगी भुकटी झाला होता. बोटाने ती बाजूला केली आणि खाली मधाच्या रंगाच्या सव्वादोन इंची अरुंद पट्ट्या दिसल्या. शिकागोच्या बंगलोंमध्ये पुढच्या खोल्यांना बहुधा ओक असतो, स्वयंपाकघराला मेपल. त्याहून जुन्या कामगारांच्या लाकडी घरांत पाइनच्या रुंद फळ्या सापडतात. पाइन मऊ असतो, मशीनखाली लोण्यासारखा जातो, तेव्हा तिथे बेत वेगळा.

मग जाडी. ज्या घरात गरम हवेच्या जाळ्या असतात तिथे जाळी उचलली की पट्टीची कड दिसते. खोली गरम ठेवणारे रेडिएटर असलेल्या घरात पाइप जमिनीतून वर येतो तिथे पत्र्याचं एक कडं असतं. ते वर सरकवा आणि टॉर्च मारा. पट्ट्या एकमेकींत जीभ आणि खाच अशा बसवलेल्या असतात. त्या सांध्याच्या वर किती लाकूड उरलंय, तेच तुमचं भांडवल. नवी पट्टी पाऊण इंच जाड असते आणि सांध्याच्या वर साधारण पाव इंच, म्हणजे आपल्या सुताराच्या भाषेत दोन सूत, लाकूड असतं. एकदा पुरतं घासलं की इंचाचा बत्तिसावा भाग जातो. एका सुताहून कमी उरलं असेल, किंवा सांध्यांवर लाकडाच्या बारीक चिरफळ्या निघत असतील, तर मशीनचा विचार सोडा. काही घरांत मुळातच पातळ, पाच-सोळांश इंचाच्या पट्ट्या वरून खिळे मारून बसवलेल्या असतात. पृष्ठभागावर खिळ्यांच्या डोक्यांच्या जोड्या ओळीने दिसल्या तर ओळखा.

डाग वाचायला शिका. खिडकीखालचा करडा पट्टा म्हणजे पाऊस आत येत होता. रेडिएटरच्या पायाशी काळं वर्तुळ म्हणजे व्हॉल्व्ह गळत होता. खोलीच्या मध्येच काळे ठिपके आणि कार्पेट उचलल्यावर उग्र वास आला तर कुत्रा-मांजर. ओकमधलं टॅनिन, पाणी आणि लोखंड एकत्र आले की लाकूड काळं पडतं आणि ते खोलवर जातं. घासून करडं गेलं तरी काळं पुष्कळदा राहतं. ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने फिकं होतं (विषारी असतं, हातमोजे घाला, नंतर नीट धुऊन काढा), पण लघवीच्या डागाच्या पट्ट्या बदलणं हाच खरा उपाय.

शेवटी बेसमेंटमध्ये उतरा आणि वर बघा. तिथून जमिनीची पाठ दिसते. बाथरूम आणि स्वयंपाकघराच्या खाली काळपट, मऊ फळ्या आहेत का, तुळया वाकल्यात का, मध्येच कोणी लोखंडी टेकू नव्याने लावलाय का. वर खोलीत गोटी ठेवली आणि ती घरंगळत मध्याकडे गेली, तर शंभर वर्षांच्या घरात तेवढं चालतं. भिंतींना ताज्या भेगा असतील तर मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा.

टाइल्स नऊ बाय नऊ इंचाच्या असतील तर थांबा. या मापाच्या जुन्या टाइल्समध्ये आणि त्यांच्या खालच्या काळ्या डिंकात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी असते. त्या खरवडायच्या नाहीत, त्यांच्यावर मशीन तर मुळीच फिरवायचं नाही. नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि काढायचा खर्च किमतीतून वजा करा.

४. तपासणीत काय काय मागायचं

नेहमीच्या तपासणीबरोबर हे वेगळं सांगावं लागतं:

*गटाराचा कॅमेरा.* घरापासून रस्त्यापर्यंतचा पाइप भाजक्या मातीचा असतो आणि त्यात झाडांची मुळं शिरतात. याचे पैसे वेगळे पडतात, पण वाचवू नका. शिकागोत पावसाचं आणि सांडपाण्याचं गटार एकच, त्यामुळे मोठ्या पावसात बेसमेंटमध्ये पाणी उलटं येतं. घरमालकाला हे थेट विचारा, आणि उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवलाय का तेही.

*शिसं, दोन ठिकाणी.* १९७८ पूर्वीच्या घरात शिशाच्या रंगाबद्दल विक्रेत्याने लेखी सांगावं लागतं आणि तपासून घ्यायला तुम्हाला १० दिवसांची मुदत मागता येते. जमिनीच्या जुन्या व्हार्निशमध्ये, आणि कडेच्या रंगवलेल्या पट्टीत तर हमखास, शिसं असू शकतं. ते घासलंत की हवेत जातं. दुसरं पाण्यात: शिकागोच्या नियमात १९८६ पर्यंत घरापर्यंतचा पाइप शिशाचाच असायचा. बेसमेंटमध्ये मीटरपाशी पाइपला किल्लीने खरवडून बघा. चांदीसारखं चमकलं आणि लोहचुंबक चिकटला नाही तर शिसं. त्यासाठी घर सोडायची गरज नाही, फिल्टर लावा. पण सहा वर्षांखालचं मूल असेल तर दोन्ही गोष्टी मनावर घ्या.

*परवाने.* शहराच्या इमारत विभागाच्या साइटवर पत्ता टाकला की त्या घरासाठी काढलेले परवाने आणि नोटिसा दिसतात. माळ्यावर झकास बेडरूम आहे आणि परवाना एकही नाही, तर वकिलाला सांगा.

५. किल्ल्या मिळेपर्यंत

इथे आम्हाला चटका बसला. घराचं मागचं करबिल बघून आम्ही महिन्याचा हिशेब केला होता. विकणाऱ्या बाई ऐंशीच्या पुढच्या होत्या. त्यांना ज्येष्ठांची सवलत होती आणि मूल्यांकन गोठवलेलंही होतं. घर आमच्या नावावर झालं, सवलती गेल्या, आणि बिल दुपटीच्या जवळ. कुक काउंटीच्या साइटवर घराचा १४ अंकी पिन (मालमत्तेचा क्रमांक) टाकला की कोणत्या सवलती लागू आहेत ते दिसतं. आम्ही टाकला नव्हता. तुम्ही टाका, आणि सवलती वगळून कर किती होईल ते वकिलाकडून काढून घ्या.

काउंटीचा कर एक वर्ष मागून भरतात, म्हणजे २०२५ चा २०२६ मध्ये. त्यामुळे विक्रेता त्याच्या काळातल्या कराचे पैसे तुम्हाला क्लोजिंगलाच, म्हणजे घर नावावर होतं त्या व्यवहाराच्या वेळीच, देतो. ते गेल्या बिलाच्या किती टक्के, हे घासाघिशीचं असतं. सवलतीतल्या बिलावर ठरलं तर तोटा तुमचा.

शहराच्या हस्तांतरण करात खरेदीदाराचा वाटा हजार डॉलरला साडेसात डॉलर: चार लाखांच्या घराला तीन हजार. क्लोजिंगच्या तीन कामकाजाचे दिवस आधी अंतिम हिशेबाचा कागद येतो, तो पहिल्या अंदाजाशी ओळ न् ओळ ताडून बघा. पैसे पाठवायच्या सूचना ईमेलने आल्या तर टायटल कंपनीला (मालकीहक्क तपासून व्यवहार पुरा करणारी कंपनी) तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करा. खोट्या ईमेलवर पैसे गेले की सहसा परत येत नाहीत.

शेवटची फेरी मारायला घर रिकामं असताना जा. सामान हलल्यावर जमिनीवर जे दिसतं ते आधी दिसलेलं नसतं.

६. घासायचं की नाही, आणि कोणी

आधी बघा, घासायलाच हवी का? नुसते बारीक ओरखडे असतील, लाकूड कुठे उघडं पडलं नसेल, तर वरचा थर बफरने (गोल फिरणारं घासायचं मशीन) हलका खरवडून पॉलिशचा एक नवा हात दिला की भागतं. अट एवढीच, की मेण नको. कोपऱ्यात स्टील वूलवर थोडं मिनरल स्पिरिट घेऊन चोळा. तपकिरी-पिवळट चिकटा आला तर मेण आहे, आणि मेणावर नवा हात धरत नाही. शेलॅक (लाखेचं जुनं पॉलिश) आहे का हे बघायला डिनेचर्ड अल्कोहोलचा थेंब टाका, शेलॅक विरघळून चिकट होतं. आमच्याकडे दोन्ही होती. म्हणजे घासणं आलंच.

स्वतः करायचं का? आम्ही निजायच्या दोन खोल्या स्वतः केल्या, आणि बैठकीची खोली व जेवणाची जागा हे काम करणाऱ्या माणसाकडून करून घेतली. माझं मत स्पष्ट आहे: दोन खोल्यांपर्यंत, चौकोनी, कपाट-जिने नसलेलं असेल तर करा. पुढच्या खोलीत, जिथे संध्याकाळचं ऊन मोठ्या खिडक्यांतून तिरकं येतं, तिथे प्रत्येक चूक रोज दिसते. ती माणसाला द्या. शिसं सापडलं असेल तर स्वतः हात लावू नका. मग शिशाच्या कामाचं प्रमाणपत्र असलेलाच माणूस हवा.

माणूस ठरवताना लेखी घ्या: कोणते सँडपेपर, किती हात, कोणतं पॉलिश (ब्रँडसकट), रेडिएटरच्या खालचं कोण करणार, भुसा कोण उचलणार. "तीन हात" म्हणताना पहिला सीलरचा धरलाय का, हे विचारा.

७. सामान

भाड्याने: ड्रम सँडर (सँडपेपर लावलेला ड्रम फिरवणारं मोठं मशीन), कडेसाठी एजर, शेवटी बफर. विकत: तिन्हींचे पेपर लागतील असं वाटतं त्याच्या दीडपट (उरलेले पुष्कळ दुकानं परत घेतात, विचारून ठेवा), हाताचा स्क्रेपर आणि तो परजायला कानस, खिळे आत ठोकायचा नेल सेट, पक्कड, हेपा (अतिबारीक धूळ अडवणाऱ्या) फिल्टरचा व्हॅक्यूम, कानाला मफ, नीट बसणारा रेस्पिरेटर. कापडी मास्क नको.

वीज बघून ठेवा. मशीन २० अँपिअरचं सर्किट मागतं आणि जुन्या खोल्यांत १५ चं असतं. आमचा फ्यूज पहिल्या तासात तीनदा गेला. जाड, १२ गेजची एक्स्टेंशन वायर आणून स्वयंपाकघरातून वीज घेतली तेव्हा थांबला.

८. घासणं

भिंतींचं प्लास्टर आणि छताचा रंग आधी उरका. मग कार्पेट तीन-तीन फुटांच्या पट्ट्यांत कापून गुंडाळा आणि बाहेर काढा. यानंतरचं काम सगळ्यांत कंटाळवाणं: खालच्या फोमच्या शेकडो पिना पकडीने एकेक उपटायच्या. एक राहिली की मशीनचा पेपर टर्रकन फाटतो. गुडघ्यावर बसून, टॉर्च जमिनीवर आडवा ठेवून बघा. प्रत्येक पिनेची सावली लांब पडते. वर आलेले खिळे नेल सेटने एक सूत आत ठोका. भिंतीकडेची बारीक गोल पट्टी काढून तिच्या पाठीवर पेन्सिलने नंबर घाला.

ड्रम सँडर हे जड आणि हट्टी जनावर आहे. नियम एकच: ते हलत असतानाच ड्रम जमिनीला टेकवायचा आणि हलत असतानाच उचलायचा. जागेवर उभं असताना टेकलं की एका सेकंदात खड्डा. आमच्या ह्यांनी दुसऱ्याच फेरीत फोन वाजला म्हणून मान वळवली. खिडकीपाशी बशीएवढा खळगा आहे, त्यावर आता कुंडी असते. पहिली फेरी चालू न करता नुसती ढकलून बघा, हात बसतो.

पेपर ३६ नंबरपासून सुरू करा (नंबर जितका लहान तितका पेपर खरखरीत). बारीक पेपरने सुरुवात केली तर जुनं शेलॅक आणि मेण उष्णतेने वितळून पेपरवर डांबरासारखं बसतं. लाकडाच्या रेषांच्या दिशेने चालायचं, दोन-तृतीयांश खोली एका बाजूने, मग वळून उरलेली. पट्ट्या कडांनी वर आल्या असतील तर पहिली फेरी थोडी तिरकी. ३६ नंतर ६०, मग ८०, मग १००. मधला पेपर गाळायचा मोह होतो, कारण दिसायला फरक दिसत नाही. पॉलिशचा पहिला हात पडला की गाळलेल्या पेपरचे ओरखडे सगळे वर येतात. प्रत्येक पेपरनंतर कडेला एजर त्याच नंबरचा, मग व्हॅक्यूम, मग पुढचा. समजत नसेल तर जमिनीवर पेन्सिलने नागमोडी रेघा मारा. रेघा पूर्ण गेल्या की तो नंबर झाला.

कोपरे आणि रेडिएटरच्या खाली मशीन जात नाही. रेडिएटर सोडवून हलवणं प्लंबरचं काम आणि त्याचा खर्च वेगळा. आम्ही हलवले नाहीत. पोटावर झोपून स्क्रेपरने, रेषांच्या दिशेने, एकेक पट्टी. एका रेडिएटरला अख्खी दुपार गेली. शेवटी बफरला १२० ची जाळी लावून सगळी खोली एकदा फिरवा, म्हणजे एजरचे गोल-गोल वळसे मिटतात.

भुशाची पिशवी रोज संध्याकाळी घराबाहेर, इमारतीपासून दूर रिकामी करा. जुन्या पॉलिशचा बारीक भुसा ढिगात साठला की आपोआप पेट घेऊ शकतो. हे गमतीने सांगत नाही.

पट्ट्यांमधल्या फटी लांबी (पुट्टी) भरून बुजवू नका. का ते शेवटी सांगते.

९. पॉलिशचे हात

तेलाचं पॉलियुरेथेन स्वस्त, लाकडाला मधाचा रंग देतं, पण वास दोन-तीन दिवस डोकं धरायला लावतो आणि दोन हातांच्या मध्ये साधारण एक दिवस जातो. पाण्याचं महाग, वास कमी, दोन ते चार तासांत वाळतं, रंग जवळजवळ लाकडाचाच राहतो. तांबड्या ओकवर पाण्याचं लावलं की जमीन गुलाबीसर दिसते आणि लोक दचकतात. कपाटात आधी एक हात देऊन बघा. आम्ही निजायच्या खोल्यांना पाण्याचं दिलं, पुढे तेलाचं. मेपलला रंग द्यायच्या फंदात पडू नका, डागाळतो.

तेलाचं लावताना गिझर आणि शेगडीच्या पायलट ज्योती बंद करा. तेलाच्या चिंध्या गोळा करून कचऱ्यात टाकू नका, बाहेर सपाट पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवा. आगीचं कारण भुशासारखंच.

दाराच्या समोरच्या भिंतीपासून सुरुवात, दाराकडे मागे येत. ओली कड वाळायच्या आत पुढचा पट्टा जोडायचा. पंखा नको, धूळ बसते. मधल्या हातांत हलकं घासून ओलसर मायक्रोफायबरने पुसा. पाण्याच्या पॉलिशखाली स्टील वूल कधी वापरू नका, राहिलेला तंतू गंजतो आणि ठिपका पडतो. तीन हात झाले की मोज्यांत चालायला एक दिवस, फर्निचर तीन-चार दिवसांनी, सतरंज्या-गालिचे तेलाच्या पॉलिशवर महिन्याभराने.

१०. राहायला गेल्यावर

बादलीत फडकं पिळून जमीन पुसायची आपली सवय इथे सोडावी लागते. आईने आल्याच्या दुसऱ्या दिवशी बादली भरली, मी धावत गेले. आजोळच्या वाड्यातही माडीला लाकडाची तक्तपोशी होती, पण तिच्यावर मातीचा थर आणि सारवण, त्यामुळे पाण्याची भीती तिला कुठून असणार? इथे नुसतं ओलसर मायक्रोफायबर. वाफेचा मॉप, व्हिनेगर दोन्ही नको.

रांगोळी थेट लाकडावर काढू नका. ती दगडाची भुकटी, पायाखाली आली की सँडपेपरच. पाटावर काढा आणि पाटाला खालून फेल्ट चिकटवा. समईखाली ताट ठेवा. हळद सांडली तर लगेच पुसा, नव्या पॉलिशला पहिला महिना जास्त जपायचं. बर्फातून आलेले बूट दारातच, कारण रस्त्यावरचं मीठ आणि खडे मशीनपेक्षा वाईट.

आणि त्या फटी. हिवाळ्यात बॉयलर चालू झाला की हवा कोरडी होते, लाकूड आकसतं, पट्ट्यांमध्ये फटी पडतात. उन्हाळ्यात दमट हवा आली की लाकूड फुगतं. लांबी भरलेली असेल तर उन्हाळ्यात ती पिचून बाहेर येते आणि पट्ट्या कडांनी उचलतात. ह्युमिडिफायर लावून हिवाळ्यात आर्द्रता ३५ टक्क्यांच्या आसपास ठेवली तरी पुरे. आमच्या जेवणाच्या खोलीत एका फटीत फेब्रुवारीमध्ये दहा सेंटचं नाणं उभं राहतं. जूनमध्ये पोस्टकार्ड जात नाही.